दुसऱ्यांच्या घरचा रोट

नर्सिंगचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी रावेरच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये पेढे वाटले आणि पोरगी पुण्याला चालली असं जाहीर करून टाकलं. मी तोवर अर्जसुद्धा भरला नव्हता. वडिलांचं सगळं असंच. ट्रकला ताडपत्री बांधायच्या आधीच त्यांना तो दिल्लीच्या मंडीत उभा दिसतो. आता एवढ्या लोकांची तोंडं गोड झाल्यावर मागे कसं फिरणार? मी मुकाट्याने पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अर्ज केला, मुलाखत दिली आणि मलाच नवल वाटलं, आयसीयूसाठी माझी निवड झाली. फक्त त्यांचा नवा वॉर्ड सुरू व्हायला वेळ होता. थांबा, कळवू, म्हणाले.

थांबणं मला जमत नाही. गप्प बसणं तर त्याहून नाही. जळगावच्या कॉलेजात मी वर्गात कमी आणि बोलल्याबद्दल वर्गाबाहेर जास्त असायचे. तर मी अशी घरी बसून सगळ्यांचं डोकं खात असताना माझ्या एका मैत्रिणीला धुळ्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. अंथरुणाला खिळलेली, विसरभोळी झालेली, घरी सांभाळणं जमत नाही अशी म्हातारी माणसं जिथे वर्षानुवर्षं ठेवतात, तसलं ते केंद्र होतं. तिला एकटीने जायची भीती आणि मला धुळ्याची शेवभाजी खायची हौस, म्हणून आम्ही दोघी एसटीत बसलो.

केंद्र शहराबाहेर होतं, सोनगीरच्या रस्त्याला. महामार्गावरचे ट्रक ऐकू यायचे आणि हवा स्वच्छ असली की किल्ल्याची टेकडी दिसायची. तिथल्या मुख्य सिस्टरना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्यांनी मैत्रिणीला बरंच काही विचारलं, आणि मग सोबत म्हणून बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूही नर्सच ना? गप्पा मारता येतात का?" हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न चिडता विचारला होता. मी येतात म्हणाले आणि पुढे थांबलेच नाही. रावेरपासून सुरुवात करून मी बसमधल्या भांडणापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि कधीपासून येतेस, एवढंच विचारलं. मैत्रिणीला तिथला वास सहन झाला नाही, तिने नको म्हणून सांगितलं. शेवभाजी खाताना तिने मला वेडी म्हटलं आणि मी तिच्या ताटातली शेव पळवली.

घरी मी सांगितलं की पुण्याचं येईपर्यंत हात चालू राहील. मैत्रिणी हसल्या; म्हाताऱ्यांना भरवायलाच जायचं होतं तर एवढी पुस्तकं कशाला पाठ केलीस, म्हणाल्या. माझ्या मावशीने तेव्हा वरणगावच्या फॅक्टरीतल्या एका मुलाचं स्थळ आणलं होतं. तिचं म्हणणं, पुण्यात आयसीयूत आहे हे सांगायला बरं दिसतं, धुळ्यात म्हाताऱ्यांचं बघते हे कसं सांगायचं. मी तिला म्हटलं, आयसीयूतले पेशंट बोलत नाहीत गं, मी तिथे गुदमरून मरेन आणि मग स्थळाचं काय करशील.

कामावर रुजू झाले ती हॉस्पिटलचा वेग घेऊनच. ट्रे हातात, पायात वारा. पहिल्या दिवशी सगळ्यांचं बीपी घेतलं तर सगळ्यांचंच वाढलेलं. मी घाबरून मोठ्या सिस्टरांकडे धावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तू अशी पळत अंगावर येतेस म्हणून त्यांची छाती धडधडते. आधी बस. मग बीपी घे." मी बसले. कुणाची म्हैस, कुणाची सून, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं ऐकलं आणि बीपी खाली आलं. नंतर मला कळलं की या नोकरीतलं निम्मं काम बसून होतं. उरलेलं निम्मं मात्र कंबर मोडणारं. अंथरुणावरच्या माणसाची ठरल्या वेळी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. चादर सारखी करायची, टाचा उचलून धरायच्या, आणि हे करताना तोंडाने गप्पा चालू ठेवायच्या, कारण गप्प राहून माणसाला उलटवलं की त्याला आपण पोतं झाल्यासारखं वाटतं. रात्री मी स्वतः कूस बदलायच्याही अवस्थेत नसायचे.

चुका भरपूर केल्या. दोन आजोबांना एकाच टेबलावर जेवायला बसवलं, आणि ते एकमेकांना लागून असलेल्या शेतांचे मालक निघाले. बांधावरून त्यांचं माझ्या जन्माआधीपासून बोलणं बंद होतं. माझ्या कृपेने ते तिथे सुरू झालं, वरणाची वाटी आडवी झाली, आणि दोघांनीही त्या दुपारी जास्तीची भाकरी मागून घेतली. मोठ्या सिस्टर रागावल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोघांच्या खुर्च्या समोरासमोर लावल्या.

शिवाय तिथे अक्का होत्या. चाकाचा वॉकर ढकलत सबंध इमारतीत फिरायच्या आणि काल घडलेलं आज विसरायच्या. रोज सकाळी मला अडवून विचारायच्या, "कोनी आंडेर शे तू?" म्हणजे कुणाची लेक तू. पहिल्या आठवड्यात मी गाव, आडनाव, कूळ, सगळं इमानदारीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मला चेव चढला. एक दिवस मी एसटी ड्रायव्हरची लेक झाले, एक दिवस फौजदाराची, एक दिवस सर्कसवाल्याची. अक्का सगळं सारख्याच गांभीर्याने ऐकायच्या. सर्कसच्या दिवशी त्यांनी हत्तीला चारा घातला का विचारलं, मी घातला म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी वाट सोडली.

मी मजेत होते. एवढी की हे आईला सांगायचीही चोरी वाटायची.

आणि मग आबा आले. सोनगीरजवळच्याच एका गावचे शेतकरी, उंच, हाडापेराने मोठे. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली. दवाखान्यातून थेट आमच्याकडे आणलं होतं, कारण घरी मुलगा आणि सून दोघं दिवसभर शेतात, आणि आबांना उठवायला दोन माणसं लागत. मुलाला सगळे भाऊ म्हणायचे. त्याने आबांना खाटेवर निजवलं, पायाशी हात लावला आणि मान खाली घालून गेला. त्या दिवसापासून आबांनी तोंड मिटलं. बोलायला नाही आणि खायलाही नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वाचा आहे, गिळताही येतं, फक्त सावकाश भरवायला हवं. आबांची मर्जीच नव्हती. चमचा जवळ नेला की ओठ असे घट्ट मिटायचे की जणू मी वीज मंडळाची माणूस आहे आणि त्यांच्या विहिरीवर मीटर बसवायला आलेय.

मी सगळं करून पाहिलं. गप्पा मारल्या, गाणी म्हटली, रावेरची केळी मागवली. जेवणाच्या तक्त्यात त्यांचा रकाना रिकामाच राहायचा म्हणून मी चिडायचेसुद्धा. एकदा वाटी आपटून बाहेर गेले आणि लगेच परत आले, कारण बाहेर जाऊन काय करायचं तेही सुचेना. आबा दिवसातून दोन-चार घोट दूध घ्यायचे, तेही मी दुसरीकडे पाहत असले तर. गालफडं बसली. शेवटी डॉक्टर म्हणाले, सोमवारी नाकातून नळी घालू. मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की नळी लागते तेव्हा लागतेच, त्यात वाईट काही नाही, पण हा माणूस ती उपसून काढणार, मग त्याचा चालणारा डावा हात पलंगाला बांधावा लागणार, आणि एवढ्या तगड्या माणसाचा एकुलता चालता हात बांधला की तो काही उठत नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मला जेवण जात नाही ही आमच्या घरात बातमी असते.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. वॉर्ड तयार आहे, पुढच्या बुधवारी हजर व्हा. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसून स्वतःशी पैज लावली. सोमवारच्या आत आबांनी माझ्या हातून एक वाटी खाल्ली तर मी इथली, नाहीतर बुधवारी पुण्याची. एका म्हाताऱ्याला चार घास भरवता येत नसतील तर इथे राहून काय उपयोग, असा माझा विचार. करिअर असं वाटीवर टांगतात का, असं आता मला नव्या मुली विचारतात. मी टांगलं होतं.

श्रावण होता. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून देवी सजवतात, रात्रभर गाणी, फुगड्या, आणि तिच्यासाठी रोट करतात. रोट म्हणजे पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, पण ते नुसतं जेवण नसतं. त्याचा गहू मोजून घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातला, परगावी नोकरीला असो की फौजेत, त्याच्या नावाने मूठ पडते. आणि तो रोट फक्त त्या भाऊबंदांनी खायचा, पौर्णिमेच्या आत संपवायचा, त्यातलं टाकायचं काही नाही आणि बाहेरच्याला द्यायचं काही नाही. मी लहान असताना आमच्या घरी सुपात मुठी पडत होत्या. वडिलांची पडली, काकांची पडली, भावाची पडली, त्या वर्षी जन्मलेल्या चुलतभावाचीही त्याच्या आईने टाकली. मग मी माझी मूठ भरून पुढे केली. काकूने हसत हसत माझी बोटं उघडली आणि गहू परत पोत्यात घातला. पोरीची नसते गं, म्हणाली. रागावली नाही, उलट गूळ दिला. मी तो गूळ चघळत सूप आणि पोतं यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले.

त्या रविवारी मी ड्यूटी मागून घेतली. सोमवार दारात उभा होता. दुपारी भाऊ आला, हातात कोऱ्या फडक्यात बांधलेला डबा. त्याने मोठ्या सिस्टरांना सगळं समजावून सांगितलं: आबांच्या वाट्याचा रोट आहे, तो घराबाहेर काढत नाहीत, पण त्याच्या आत्याने ठरवून टाकलं की जिथे आमचा माणूस आहे तेवढं आमचं घर. आबांनी पानात उरवलं ते परत न्यायचं, दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. भरवायला मात्र कुणीही चालेल. त्याने स्वतः एक घास करून आबांपुढे नेला. आबांनी मान खिडकीकडे फिरवली. भाऊ तसाच घास धरून उभा राहिला. मग त्याने तो डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला.

मी सकाळपासून उपाशी होते हे आधी सांगते. मी आबांना खुर्चीत नीट ताठ बसवलं, मानेमागे उशी लावली, पोळी दुधात कुस्करली आणि गुठळी राहू नये म्हणून बोटांनी मळायला लागले. पुरणाला जायफळ छान लागलं होतं. तोंडाने मी काहीतरी बडबडत होते, डोळे आबांच्या ओठांवर होते. आणि आईच्या हाताखाली पुरण वाटताना लहानपणापासून जे करत आले तेच माझ्या बोटांनी आपणहून केलं. बोट तोंडात गेलं. एकदा गेलं, चव कळली, म्हणून दुसऱ्यांदाही गेलं.

"तू आमना रोट खादा?"

आवाज जड होता, शब्द एका बाजूने घसरत होते, पण स्पष्ट. मी आधी भाऊकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे पाहत होता. मग आम्ही दोघांनी आबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डावा हात माझ्या बोटाकडे रोखलेला होता. बोट अजून माझ्या तोंडात होतं.

मी ते काढलं आणि हो म्हणाले. थोडाच, म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं. भूक लागली होती, आबा, असं मी सांगितलं, कारण तेच खरं होतं.

त्यानंतर जे झालं ते सरळ सांगता येत नाही, कारण सगळं एकदम झालं. भाऊ भिंतीला टेकून रडायला लागला आणि रडता रडता हसायला लागला. बापाचा आवाज त्याने त्यांना इथे आणल्यापासून पहिल्यांदा ऐकला होता. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांना वाटलं घास अडकला, त्यांनी आबांची पाठ थोपटली. आबा ओरडले की मला नको, तिला थोपटा. त्यांना बोलताना पाहून मोठ्या सिस्टरच मटकन खाटेवर बसल्या. वॉकर ढकलत अक्का आल्या आणि काय झालं ते ऐकून त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. परक्या कुळाच्या पोरीने रोट खाल्ला, आता कानबाई कोपणार, सगळा रोट नव्याने करावा लागणार, असं त्यांनी सांगून टाकलं. भाऊ म्हणाला, आता दळणार कधी आणि करणार कधी. मी रडकुंडीला आले होते आणि मला हसूही आवरत नव्हतं. बोटभर पुरणापायी मी एका अख्ख्या भावकीला उपाशी ठेवणार होते.

या गोंधळात आबा अचानक गप्प झाले. सगळे थांबले, मला वाटलं परत मिटलं तोंड. त्यांनी मुलाकडे पाहिलं. दारात सोडून गेला त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

"मनी मूठ टाकी का?"

माझी मूठ टाकली का. भाऊला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो खाली बसला, आबांच्या खुर्चीशी. "टाकी ना, आबा. पहिली तुमनीच टाकी."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण सूप आणि पोतं मला तिथे त्या खोलीत दिसत होतं. एवढे दिवस मी गाणी म्हणत होते, केळी मागवत होते, आणि या माणसाला फक्त एवढंच कळायला हवं होतं की घरातल्या मोजणीतून आपल्याला वगळलं की नाही. मला ते सुचायला हवं होतं, जगात इतर कुणाला नाही तरी मला.

"दे आते," आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी भरवलं. लहान घास, डाव्या बाजूने, हनुवटी खाली, गिळू द्यायचं, मग पुढचा. शिकवल्याप्रमाणे सगळं करत होते. वाटी संपली. आबांनी खीर मागितली. घासाघासाच्या मध्ये ते माझा खटला चालवत होते. अक्कांनी पुन्हा एकदा रोट नव्याने करायला सांगितला, तेव्हा आबांनी निकाल दिला की केलेला रोट काही वाया जाणार नाही, त्यात पोरीचीही मूठ होती असं धरायचं. "पुढला सालले हिनी मूठ टाकजो," असं त्यांनी भाऊला बजावलं. भाऊ दबकत म्हणाला की आबा, पोरींची मूठ आपल्यात घेत नाहीत, आणि ही तर आपली पोरही नाही.

आबांनी घास गिळला, विचार केला आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "मंग जो हिना पोटमा गया, तो कोना शे?"

अक्कांनी गालांवरचे हात खाली घेतले. मग आबांनी मला हुकूम केला की बोट चाटून देवीचा अपमान केलाय, आता बसून नीट एक पोळी खा. मी भाऊकडे पाहिलं, त्याने डबा पुढे केला. मी जमिनीवर मांडी घालून दुसऱ्यांच्या घरचा रोट खाल्ला. असं पुरण मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि आईला हे सांगू नका.

आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती आधी हसून हसून बेजार झाली, मग एकदम घाबरून म्हणाली, आपल्या कानबाईला चालेल ना गं? सोमवारी डॉक्टर नळी घेऊन आले. आबा खिडकीशी बसून भाकरी दुधात भिजवायला लावत होते. त्यांनी डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हाऊ कोन शे?" डॉक्टरांनी नळी पिशवीत परत ठेवली. मोठ्या सिस्टर मागे उभ्या राहून पदराने तोंड झाकत होत्या.

त्या दुपारी मी पुण्याला फोन केला. येत नाही म्हटल्यावर पलीकडच्या बाईने कारण विचारलं. माझी इथे मूठ पडणार आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. वडिलांना सांगणं जास्त अवघड होतं. ते एवढंच म्हणाले, शेडमध्ये काय सांगू? मी म्हटलं, सांगा, माल धुळ्यातच उतरवला. त्यांना हसू आलं हे मला फोनवर कळलं, पण त्यांनी ते खोकल्यात लपवलं. वरणगावचं स्थळ फिसकटलं. मावशी त्याचं खापर अजून त्या पुरणावर फोडते.

वर्ष गेलं. आबांना काठी घेऊन व्हरांड्यापर्यंत जाता यायला लागलं, आणि भाऊ दर आठवड्याला यायचा, दोघं बाप-लेक पिकापाण्यावरून वाद घालायचे. मुठीचं मात्र मी मनावर घेतलं नव्हतं. आजारी माणूस रागाच्या भरात बोलतो. तसं काही खरं होत नसतं, हे मी स्वतःला वर्षभर सांगितलं. श्रावण जवळ आला तसं जरा जास्तच सांगितलं. कानबाईच्या रविवारी घरी जायची रजा मिळत होती, मी घेतली नाही. दुसऱ्या कुणाला हवी असेल म्हणून, असं मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि फाटकाकडे तोंड करूनच सगळ्यांची नखं कापत होते.

भाऊ आला. हातात कोरं फडकं. मी नखं कापत राहिले. मग दिसलं की फडक्यात दोन डबे आहेत, एकावर एक. त्याने एक आबांपुढे ठेवला आणि दुसरा माझ्याकडे धरला.

"यंदा तुनी बी मूठ टाकेल शे."

माझ्या हातातलं नेलकटर खाली पडलं. भाऊ संकोचून सांगायला लागला. घरी बरीच वादावादी झाली होती. काही जण म्हणाले, असं कधी झालं नाही. आत्या म्हणाली, आबांचा शब्द आहे. मग अडलं ते मुठीवर. जिची मूठ ती इथे धुळ्यात, मग टाकायची कुणी? कुणा बाप्याच्या हाताने ती घ्यायची तर ती त्या बाप्याचीच होणार, असं एकाने काढलं. शेवटी आत्याने घरातल्या सगळ्यात लहान पोरीला, भाऊच्याच लेकीला, उचलून सुपाशी बसवलं आणि तिच्या हाताने टाकून घेतली. एक मूठ भरून आणि वर पाव मूठ. पोर इतकी खूश झाली की तिने लगेच दुसरी मूठ भरली, माझी पण, म्हणाली. आणि कुणी तिची बोटं उघडली नाहीत, भाऊ म्हणाला. राहू दिली तशीच.

मी डबा उघडला. तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसून खायला लागले. रडत होते, नाक वाहत होतं, आणि पुरण छान झालं होतं.

वॉकरचा आवाज आला. सकाळी माझी नि अक्कांची गाठ पडली नव्हती, ती आत्ता पडली. त्या माझ्यापुढे थांबल्या, वाकून माझं तोंड पाहिलं आणि रोजचंच विचारलं, "कोनी आंडेर शे तू?"

त्या दिवसासाठी मी कलेक्टरची लेक व्हायचं ठरवलं होतं. पण तोंडात घास होता.

"आमनी," व्हरांड्यातून आबा म्हणाले. "जेवू द्या तिले."